अर्जावर सही माझी, बाकी सगळं त्यांचं

‘जिल्हा परिषदेचा आमचा गट महिलांसाठी राखीव निघाला, म्हणून अर्ज माझ्या नावाने भरलाय. यजमान रात्री एकला घरी येतात, सकाळी सातला बाहेर. काही बोलायला गेलं की म्हणतात, निकाल लागू दे, मग बघू. तोपर्यंत गप्प बसावं का?’

निवडणुका लागल्या की हा प्रश्न येतोच. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के जागा राखीव आहेत आणि कुठली जागा राखीव, ते सोडतीत ठरतं. वर्षानुवर्षं गट बांधलेला नवरा एका चिठ्ठीत बाहेर पडतो आणि बायको उमेदवार होते. गप्प बसू नका, हे उत्तर सोपं आहे. पण चालू प्रचारात संसाराचा सगळा हिशेब मांडायलाही बसू नये. आत्ता काय बोलायचं आणि काय मागे ठेवायचं, हे वेगळं करावं लागतं.

पुढची हकिकत दोन-तीन जोडप्यांच्या अनुभवांतून जुळवलेली आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

दोघं समुपदेशनाला आले तेव्हा तक्रार होती वेळेची. त्याचं म्हणणं, ‘ही सभेत तोंडच उघडत नाही, कार्यकर्ते विचारतात वहिनी नाराज आहेत का.’ तिचं म्हणणं, ‘भाषण हे लिहून देतात, गावभेटी हे ठरवतात, माझा फोनसुद्धा यांच्या पुतण्याकडे.’ यावर तास गेला. मग तिला विचारलं, नेमकं कोणत्या दिवसापासून बोलणं थांबलं? तिने तारीखच सांगितली. अर्ज भरायच्या आदल्या दिवसाची.

उमेदवाराच्या शपथपत्रात जोडीदाराची मालमत्ता आणि कर्जंही लिहावी लागतात. वकिलाने टाइप करून आणलेला मसुदा तिने पहिल्यांदा वाचला, तो रात्री दहा वाजता, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. पतीच्या रकान्यात चौदा लाखांचं कर्ज.

‘अहो, हे चौदा लाख कुठले?’

‘अगं, कार्यालयासाठी घेतलेले. सही कर आधी, वकील खोळंबलेत.’

तिने सही केली आणि त्यानंतर सभेत तिला बोलताच येईना. त्याला ती भित्री वाटत होती. तिच्या डोक्यात मात्र एकच होतं: शपथेवर सही माझी आणि मलाच माहीत नाही. वेळेच्या भांडणाखाली बहुतेकदा असंच काहीतरी दडलेलं असतं. म्हणून ‘रोज अर्धा तास एकमेकांना द्या’ असला सल्ला इथे वाया जातो. तो अर्धा तासही त्याच भांडणात संपतो.

मतदानाला बारा दिवस होते. तेवढ्यात एकच काम हाती घेतलं, निर्णयांची वाटणी. एका कागदावर तीन रकाने. पहिल्यात फक्त तिचे निर्णय: स्वतःचा फोन, भाषणातले शब्द, कुठल्या घरी आत जाऊन बसायचं. दुसऱ्यात त्याचे: बूथची माणसं, गाड्या, गावांचा क्रम. तिसऱ्यात दोघांच्या होकाराशिवाय होणार नाहीत असे: नवं कर्ज, दागिने, जमिनीचे कागद, कोणाला दिलेला शब्द. तिसरा रकाना लहान ठेवावा. तो वाढला की प्रत्येक बॅनरवर चर्चा होते आणि चौथ्या दिवशी कागद कचऱ्यात जातो.

खर्चाची वही तिच्याकडे आली. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब उमेदवाराला द्यावा लागतो आणि तो दिला नाही तर अपात्रता उमेदवारावर येते, नवऱ्यावर नाही. हे कळल्यावर त्याने वही मुकाट्याने दिली. नियम कधी कधी समुपदेशकापेक्षा चांगलं काम करतो.

बोलण्याची वेळ ठरली सकाळी पावणेसात, चहाबरोबर, पंधरा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. रात्री एकला नाही. दिवसभराच्या पायपिटीनंतर अंगात थकवा आणि ताण दोन्ही असतात. त्या वेळी साधा प्रश्नही आरोप वाटतो. आवाज चढला तर विषय तिथेच सोडायचा आणि किमान वीस मिनिटं वेगळं व्हायचं, कारण धडधड खाली यायला तेवढा वेळ लागतो. मात्र परत कधी बोलायचं ते सांगूनच उठायचं. न सांगता उठून जाणं दुसऱ्याला पाठ फिरवल्यासारखंच वाटतं. तिसऱ्या दिवशी हे मोडलंच. त्याने सभेहून येताना गाडीत, ड्रायव्हरसमोर, तिच्या भाषणातल्या चुका काढल्या. मग एक कलम वाढवलं: भाषणावरचा शेरा दुसऱ्या दिवशी, आणि तोही तिने विचारला तर. कार्यकर्त्यांच्या हाती निरोप धाडायचा नाही, हेही त्याच दिवशी ठरलं. निरोप नेणारा लवकरच पंच होऊन बसतो.

त्याच्याबद्दल एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. आठ वर्षं त्याने बंधारे, रस्ते, शाळेच्या खोल्या यांच्यामागे पायताण झिजवलं होतं. सोडत निघाली त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले, कारण उमेदवारी घरातच राहिली. त्याची जागा गेली, हे कोणी म्हटलंच नाही. त्याला वेगळं बसवून विचारलं तेव्हा बराच वेळ तो किल्ल्यांचा जुडगा फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘बॅनरवर माझा फोटो मोठा का, असं ही विचारते. तेवढंच तर उरलंय माझं.’ हे त्याने तिला स्वतः सांगणं गरजेचं होतं. सांगितलंही, पण मतदान झाल्यावर.

निकालाचा दिवसही आधीच ठरवून ठेवावा. हरलो तर पहिले दोन दिवस ‘कोणामुळे’ हा शब्द घरात काढायचा नाही. जिंकलो तर सभागृहात, बैठकीत आणि सहीला ती स्वतः जाणार. हे गुलाल उधळण्याआधी बोलून घेतलं तर बरं. नंतर घरात माणसांची इतकी रीघ असते की दोघांना खोलीही मिळत नाही.

एक मर्यादा मात्र स्पष्ट हवी. सही धमकी देऊन घेतली असेल, पैसे अडवले असतील, हात उचलला असेल, तर रकाने आखत बसू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही मोडतो. अशा वेळी दोघांना एकत्र बसवणं धोक्याचं. तिला एकटीला भेटून आधी सुरक्षिततेचं बघतात. महिला हेल्पलाइन १८१ आहे.

या दोघांची पुढची भेट निकालानंतर दोन आठवड्यांनी ठरली होती. विषय चौदा लाखांचा. ती वही घेऊन आली, तो बँकेचे कागद.