मुरघासासाठी (हवाबंद साठवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी) मका कधी कापावा? लवकर कापला तर काय बिघडतं?

दाण्यातली दुधाची रेषा अर्ध्यावर उतरली की कापा. तेव्हा अख्ख्या झाडात शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) साधारण 30 ते 35 टक्के असतो. कणीस मधोमध मोडा आणि शेंड्याकडच्या तुकड्यातले दाणे बघा: वरचा पिवळा, टणक भाग स्टार्चचा, खालचा पांढरट अजून दुधाळ, आणि दोघांमधली सीमा म्हणजे दुधाची रेषा. त्याआधी कापलात तर वजन भरपूर दिसतं, पण ते बहुतेक पाणीच. स्टार्च कमी भरतो आणि मुरघासातून रस गळून पोषण वाया जातं. फार उशीर केलात तर कुट्टी (बारीक कापलेला चारा) नीट दबत नाही, बुरशी येते, शिवाय कडक दाणे न फुटता थेट शेणात दिसतात. मात्र पिकाला पाण्याचा ताण बसला असेल तर रेषेवर विसंबू नका, थोडी कुट्टी वाळवून ओलावा मोजा.