आठ वर्षं जुने, ‘जेमतेम वापरलेले’ स्की टूरिंग बूट गोव्यात राहून घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता फोंड्याला, गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स झालाय, आता गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, नाद सोडून स्कीच्या तळाला स्किन्स (चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) लावून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचाय. पाऊल २६.८ सेंटिमीटर. परदेशातून परतलेल्या एकाकडे २७.५ नंबरचे टूरिंग बूट आहेत, आठ वर्षांपूर्वीचे, पण ‘चार-पाच वेळाच घातलेले, बॉक्ससकट’, आणि किंमत नव्याच्या तिसरा हिस्सा. घ्यावेत का, आणि आपल्या हवेत किती वर्षं टिकतील?

शेल, म्हणजे बुटाचं बाहेरचं कडक कवच, कुठल्या प्लास्टिकचं आहे हे कळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. पॉलियुरेथेनचं असेल तर फुकट मिळाले तरी नकोत. पेबॅक्स किंवा ग्रिलामिड असेल तर बोलणी करायला हरकत नाही. मग पायाला बसतात का हा प्रश्न उरतो, आणि तो नंबर वाचून सुटत नाही.

मी म्हापशाचा. हिवाळ्यात काश्मीरला जातो आणि शिगम्याच्या आत परत येतो. म्हणजे बूट बर्फावर असतात ते मोजके दिवस, बाकीचं वर्ष ते इथल्या कपाटात काढतात. परदेशातले लोक बुटांचं आयुष्य किती दिवस घातले यावर मोजतात, त्यामुळे त्यांचा सल्ला आपल्याला फारसा लागू पडत नाही. आपल्याकडे बूट ठेवून ठेवून खराब होतात. म्हणूनच ‘जेमतेम वापरलेले’ ही जाहिरात ऐकून हुरळून जाऊ नका.

हे समजायला बर्फ लागत नाही. लग्नासाठी दोन वर्षांनी बूट बाहेर काढावेत आणि हॉलच्या पायऱ्या चढेपर्यंत सोलचा चुरा मागे सांडत जावा, हा प्रकार गोव्यात कुणाच्या घरी घडलेला नाही? आपण म्हणतो गोंद सुटला. गोंद बिचारा निर्दोष असतो. सोलमधलं पॉलियुरेथेन हवेतल्या बाष्पाने आतून तुटलेलं असतं. पाणी त्या प्लास्टिकच्या लांब साखळ्या हळूहळू कापत जातं, आणि हवा जितकी गरम तितकं हे काम जोरात चालतं. एप्रिल-मेचा उकाडा आणि पाठोपाठ चार महिने पाऊस म्हटल्यावर यापेक्षा सोयीची हवा त्याला कुठे मिळणार? वरून बूट नवाकोरा दिसतो, हीच त्यातली मेख. गिर्यारोहणाच्या जुन्या प्लास्टिकच्या बुटांचं असंच झालं होतं. दिसायला ठणठणीत असलेले बूट डोंगरावर, थंडीत, अचानक फुटल्याच्या घटना अनेक आहेत. फोंड्यात सोल सुटला तर रिक्षा मिळते. गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या मागच्या उतारावर शेल फुटला तर मांडीपर्यंत बर्फात चालत उतरायचं.

लिफ्टवरच्या स्कीइंगचे जड बूट बहुतेक पॉलियुरेथेनचेच असतात. टूरिंगचे बूट हलके करायचे म्हणून ते पेबॅक्सचे किंवा ग्रिलामिडचे करतात. ग्रिलामिड म्हणजे नायलॉनचाच एक प्रकार, पॉलिअमाइड १२, आणि तो पाणी फार कमी शोषतो. ही दोन्ही प्लास्टिकं बाष्पाला सहसा दाद देत नाहीत. पण टूरिंगच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही दणकट बुटांत शेल किंवा नडगीभोवतीचा वरचा भाग, म्हणजे कफ, पॉलियुरेथेनचा असतो, आणि फोटोवरून फरक कळत नाही. विकणाऱ्याला लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, बाहेर काढून शेलच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवायला सांगा. बऱ्याच बुटांवर साच्यातच अक्षरं उमटवलेली असतात, पीयू (पॉलियुरेथेन), पेबॅक्स किंवा पीए १२ (ग्रिलामिड). तिथे काही नसेल तर मॉडेलचं नाव आणि साल विचारून कंपनीची माहिती शोधा. वजनावरूनही अंदाज येतो: जोडी अडीच किलोच्या आसपास असेल तर बहुधा पीयू नाही, साडेतीनच्या वर गेली तर शंका घ्या.

शेल चांगला निघाला तरी रबराचा सोल गोंदावरच असतो. बूट आला की सोलची पुढची कड अंगठ्याने जोर लावून उचलून बघा. जराही फट दिसली तर पैसे परत मागा.

आता मापाचं. २६.८ च्या पावलाला २७.५ मोठा वाटतो, पण तसं लगेच म्हणता येणार नाही. हा नंबर म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. अर्ध्या नंबराला कंपन्या वेगळा शेल सहसा काढत नाहीत. बहुतेक बुटांत २७ आणि २७.५ चा शेल एकच असतो, फरक लायनरमध्ये नाहीतर आतल्या इनसोलमध्ये. काही कंपन्या मात्र २६.५ आणि २७ ची जोडी लावतात. म्हणून टाचेजवळ कोरलेला सोलच्या लांबीचा आकडा मिलिमीटरमध्ये मागवून घ्या. पुढे भाड्याच्या स्कीची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा खटका, लावून घेतानाही तोच आकडा लागतो, तेव्हा फोनमध्ये लिहून ठेवलेला बरा.

खरी परीक्षा लायनर काढून होते. रिकाम्या शेलमध्ये, सॉक्स न घालता, पाय घाला. बोटं पुढच्या भिंतीला हलकेच टेकवा, दाबू नका. गुडघा थोडा वाकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. एक बोट जेमतेम जात असेल तर तो उतरणीवर जोर मारणाऱ्यांचा घट्ट फिट. दोन बोटं आरामात जात असतील तर शेल मोठा, तो लायनरने कधीच भरून येणार नाही. टूरिंगला दीड बोट, म्हणजे साधारण १५ मिलिमीटर, चांगलं. मग त्याच शेलमध्ये पाय मधोमध ठेवून दोन्ही बाजू बघा: करंगळीच्या मुळाशी आणि घोट्याच्या हाडाशी शेल थेट टेकतोय का? तिथेच पुढे फोड येणार. दोन्ही पायांचं करा, कारण दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, आणि माप मोठ्या पायाचं धरा.

आपल्याकडे इथे एक वेगळीच अडचण येते. आपण वर्षभर चपलांत वावरणारी माणसं. अशा पायाचा चवडा पसरलेला असतो आणि बोटांना मोकळ्या हवेची सवय असते. त्यामुळे बरोबर मापाचा स्की बूटही पहिल्यांदा घातला की ‘लहान आहे’ असंच वाटतं, आणि माणूस एक नंबर मोठा घेऊन मोकळा होतो. लांबी वाढवून रुंदीचा प्रश्न सुटत नाही. चवड्याला जागा मिळते, पण टाच आत वर-खाली होऊ लागते, आणि चढताना प्रत्येक पावलाला टाच घासून तासाभरात कातडी जाते. रुंदीचा आकडा वेगळा असतो. बूट साधारण ९८ ते १०३ मिलिमीटरमध्ये मिळतात, आणि तो आकडा मधल्या कुठल्या तरी नंबरासाठी दिलेला असतो. तुमचा चवडा पसरट असेल तर ९८ च्या वाटेला जाऊ नका, १०० च्या वरचे बघा.

दुसरं म्हणजे उष्णता. मे महिन्यात दुपारी पंख्याखाली बसून बूट घालून बघितले तर पाय सुजलेले असतात आणि गुलमर्गला उणे तापमानात तेच बूट ढिले वाटतात. खोलीत एसी लावून, पाय गार झाल्यावर, एकच पातळ सॉक्स घालून बघा. दोन सॉक्स घातले की उब वाढते हा गैरसमज इकडच्या मंडळींत पक्का आहे. पायाच्या वरच्या बाजूला दाब आला की रक्त अडतं आणि बोटं बधिर होतात. उंचावर आणि थंडीत बधिर बोटं म्हणजे हिमदंशाची सुरुवात. लायनर घालून, बकल हलके लावून, अर्धा तास तरी घरात उभे राहा, चाला, टीव्ही बघा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे ढकलले की सुटली पाहिजेत. दुखणं एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येत असेल तर ते शेल ताणून बरं होतं. सगळा पायच दुखत असेल तर बूट बदला.

शेल ताणण्याला पंचिंग म्हणतात. ग्रिलामिड गरम करून ताणला की बऱ्यापैकी तसाच राहतो, पेबॅक्स थोडा मागे येतो, आणि कार्बनच्या कफला हात लावता येत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली हीट गन आणून घरी हा प्रयोग करू नका. प्लास्टिक किती तापलं ते डोळ्यांना दिसत नाही. लायनर मात्र बहुतेक उष्णतेने साचा घेणाऱ्या फोमचे असतात आणि ते काम चांगल्या दुकानात सहज होतं. आठ वर्षांच्या लायनरला मात्र किंमत शून्य धरा. फोम बसला नसेल तरी अस्तराचा गोंद आणि शिवण कुठवर आलीय ते सांगता येत नाही. सौदा करताना नव्या लायनरचे पैसे त्यात मिळवा, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याचा मोह आपोआप कमी होतो. अस्तराची साधी शिवण उसवली असेल तर काळजी नको, म्हापशाच्या बाजारात चपला शिवणारे काका ती माझ्या लायनरला इतकी पक्की घालून देतात की मूळ शिवणीने लाजावं.

जुन्या बुटांत आणखी दोन जागा बघायच्या. पहिली चवड्याच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंची स्टीलची खाच. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८० च्या दशकात पिनांची बाइंडिंग काढली, तेव्हापासून टूरिंगचा सगळा डोलारा या दोन खाचांवर उभा आहे. बाइंडिंगच्या पिना यांतच बसतात. खाच गोल आणि काठ धारदार हवेत. लांबट झालेली, गंजून खडबडीत झालेली किंवा प्लास्टिकमध्ये हलणारी खाच दिसली तर तिथेच थांबा, कारण चढताना स्की भलत्या वेळी निसटते. दुसरी जागा कफचा सांधा. शेल गुडघ्यांत धरून कफ आडवा हलवा. किंचित खेळ चालतो, खडखड आवाज आला तर नाही. सांध्याला रिव्हेट असण्यापेक्षा स्क्रू असलेले बूट मला केव्हाही बरे वाटतात. गोव्यात स्की बुटांचे सुटे भाग मिळत नाहीत, पण स्क्रू कुठलाही मेकॅनिक उघडून कसून देतो. नवे घेतलेत तर एक-दोन बकल आणि त्यांचे स्क्रू त्याच वेळी मागवून ठेवा.

किती वर्षं टिकतील? पेबॅक्स-ग्रिलामिडचा शेल, वर्षाला दोन-तीन आठवडे वापर, आणि नीट ठेवले तर दहा वर्षं धरायला हरकत नाही. मधे एकदा लायनर बदलावा लागेल. ‘नीट ठेवले तर’ हेच सगळं अवघड आहे. गुलमर्गच्या खोलीत बुखारी, म्हणजे खोली गरम करणारी शेगडी, असते आणि संध्याकाळी सगळे आपले ओले लायनर तिच्याभोवती मांडून ठेवतात. त्यात आपला ठेवू नका. जो फोम उष्णतेने पायाचा आकार घेतो, तोच बुखारीजवळ दुसरा आकारही घेतो. लायनर उघडा करून खुंटीला टांगा, रात्री पांघरुणात घ्या, काहीही करा, पण आगीपासून लांब.

घरी आल्यावर शेल साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. लायनर आणि इनसोल बाहेर काढा आणि पावसाळा संपेपर्यंत परत आत घालू नका. लायनर शेलमध्येच ठेवून बॉक्स पोटमाळ्यावर टाकला की चवथीला आरास काढताना काय दिसतं ते सांगतो: लायनरच्या टाचेवर पांढरा-हिरवा बुरा, शेलच्या आत रिव्हेटखाली तपकिरी ओघळ, आणि असा कुबट वास की घरचे बॉक्स थेट अंगणात ठेवतात. कौलांखालचा पोटमाळा तर मुद्दाम टाळा, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनही ठेवू नका, आतली ओल आतच कोंडते. बेडरूममधल्या कपाटाचा मधला कप्पा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसात कपड्यांसाठी आपण कपाटात बल्ब लावतो तोच, फक्त लायनर त्याच्या अगदी जवळ नको. कापराने वास झाकला जातो, ओल जात नाही. खाचा आणि स्प्रिंगना मशीनचं तेल अगदी पुसटसं लावा. समुद्राजवळ राहत असाल तर हे जास्तच गरजेचं, फोंड्याला तेवढी खारी हवा नाही. शेलचे बकल हलकेच लावून ठेवा, म्हणजे आकार धरून राहतो.

चांगल्या नव्या जोडीला ५० हजारांच्या आसपास किंवा वर मोजावे लागतात, त्यामुळे जुन्याकडे मन ओढतं हे मला कळतं. पण स्की, स्किन्स, काठ्या भाड्याने मिळतात आणि चालूनही जातात. भाड्याचे टूरिंग बूट मात्र तुमच्या पायाचे मिळणं नशिबावर असतं. पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर ते बुटांवर घाला.

विकणाऱ्याला आज एवढंच विचारा: शेलच्या आतला फोटो, खाचांचा जवळून फोटो, टाचेवरचा आकडा, आणि ही आठ वर्षं बूट कुठे होते. कोरड्या, थंड देशात सात वर्षं आणि इथे एक, हे वेगळं. मुरगावच्या गोदामात आठ वर्षं, हे वेगळं.