पितळी स्टोव्ह कसा पेटवायचे, आणि तो गेल्यावर घराचं वेळापत्रक का बदललं?

तुमचा प्रश्न असा: गिरगावातली आजीची खोली रिकामी करताना माळ्यावर पंपाचा पितळी स्टोव्ह सापडला. तो कसा पेटवायचे, आज पेटवता येईल का, आणि ‘स्टोव्ह गेला नि घराचं वेळापत्रकच गेलं’ असं आजी का म्हणायची?

शेवटचं आधी सांगते. गॅस पेटवायला एक खटका पुरतो. पंपाच्या स्टोव्हला तीन-चार मिनिटं, थोडं जास्तीचं रॉकेल आणि पेटवणाऱ्याचं पूर्ण लक्ष लागायचं. म्हणून एकदा पेटलेला स्टोव्ह सहसा मध्येच विझवत नसत. आच लागणारी जेवढी कामं असतील ती त्याच्यापुढे ओळीनं लावायची: आधी चहा, मग कुकर, मग भाजी-आमटी, मग तवा. पोळ्या संपेपर्यंत टाकीतली हवा उतरलेली असायची, त्या मंद आचेवर दूध ठेवायचं म्हणजे साय छान धरते. मागाहून येणाऱ्याला चहा थर्मासमधला. रात्री कोणी उशिरा आला तर एक वाटी आमटी गरम करायला पुन्हा काकडा (स्टोव्ह तापवायची पेटती दोरी), पुन्हा पंप, आणि एका खोलीत झोपलेल्या सगळ्यांच्या कानाशी तो फरफर आवाज. त्यापेक्षा सगळ्यांनी वेळेवर यावं आणि एकत्र बसावं हे सोयीचं होतं. एकत्र जेवण्याचं श्रेय आपण वळणाला देतो. त्यात या स्टोव्हचा वाटा मोठा होता असं माझं ठाम मत आहे. आजीचं म्हणणं शब्दशः खरं आहे.

आता स्टोव्ह. हा मूळचा स्वीडनचा, १८९२ सालचा, फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टचा. ‘प्रायमस’ हे त्याच्या कंपनीचं नाव पुढे अशा सगळ्याच स्टोव्हना चिकटलं. युक्ती एकच आहे: यात रॉकेल जळत नाही, रॉकेलची वाफ जळते. पंपानं टाकीत हवा भरली की ती रॉकेलला मधल्या नळीतून वर ढकलते. बर्नरच्या तापलेल्या नळ्यांतून जाताना रॉकेलची वाफ होते, आणि ती निपलच्या केसाएवढ्या भोकातून जोरात बाहेर पडते. वरच्या टोपीवर आपटून हवेत मिसळते आणि निळी जळते. तीच ज्योत बर्नर तापता ठेवते, त्यामुळे पुढचं रॉकेल आपोआप वाफ होत राहतं. सुरुवातीला मात्र बर्नर थंड असतो. तो बाहेरून तापवून द्यावा लागतो आणि त्यासाठी काकडा.

काकडा म्हणजे चिमट्यासारखी तार आणि तिच्या टोकांना गुंडाळलेली दोरी. तो रॉकेलच्या, हात सैल असेल तर स्पिरिटच्या, बाटलीत बुडवून ठेवलेला असे. रॉकेलनं काजळी धरते, स्पिरिट स्वच्छ जळतं.

पेटवायची रीत अशी. टाकी थंड असताना नरसाळ्याला बारीक जाळी लावून रॉकेल भरायचं, पाऊण टाकीच्या वर कधीच नाही, कारण दाब धरायला हवेला जागा हवी. झाकण घट्ट बसवायचं. हवा सोडायची चावी उघडीच ठेवायची. काकडा निथळून बर्नरच्या मानेला लावायचा आणि पेटवायचा. दीड-दोन मिनिटं त्याची पिवळी ज्योत बर्नरभोवती खेळू द्यायची. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. काकडा विझत आला की चावी बंद, आणि पंपाचे तीन-चारच हात. निपलमधून आधी सूं असा आवाज येतो, मग त्या उरल्यासुरल्या ज्योतीवर टोपीच्या कडेनं निळं कडं धरतं आणि आवाज भरीव होतो. तो आवाज एकसारखा झाला की काकडा काढायचा आणि पंधरा-वीस हात मारून आच हवी तेवढी वाढवायची. तीन-चार हातांनंतर निळ्याऐवजी पिवळी, उंच, धुराची ज्योत आली तर बर्नर पुरेसा तापलेला नाही आणि कच्चं रॉकेल वर येतंय. लगेच चावी उघडायची, सगळं विझू द्यायचं आणि काकड्यापासून पुन्हा सुरुवात. अशा वेळी आणखी पंप मारला की भडका.

आच कमी करायला चावी किंचित सैल करून थोडी हवा सोडायची. पुन्हा वाढवायची तर पंप. म्हणूनच कुकर या स्टोव्हला फार मानवला: भरपूर आच, ठरलेल्या शिट्ट्या, मध्ये कमी-जास्त नाही. शिरा किंवा बासुंदी करणाऱ्या बाईचा एक हात मात्र चावीवरच. एक लिटरची टाकी मोठ्या आचेवर साधारण चार तास चालते, ती दोन-तीन दिवस पुरवायची तर एकही मिनिट रिकामं जाळून चालत नसे.

दूध उतू जाऊन ज्योत विझणं ही नेहमीची गोष्ट, आणि तीच धोक्याची. ज्योत गेली तरी गरम बर्नरमधून वाफ येतच राहते. आधी चावी उघडून हवा सोडायची, मग भांडं उतरवायचं. काडी पुन्हा लावायची ती वास गेल्यावर.

बिघाड बहुतेक तीन ठिकाणी होतात. पहिलं ठिकाण निपल. रॉकेलमधला कचरा किंवा जळका कार्बन भोकात अडकतो, ज्योत एका बाजूला झुकते किंवा मरते. त्यासाठी पत्र्याच्या पट्टीला बारीक तार लावलेली पिन मिळायची. पिन सरळ वरून घालायची आणि सरळच काढायची. तिरकी फिरवली की भोक मोठं होतं, आणि मोठ्या भोकाचा स्टोव्ह कायम पिवळा जळतो. मग निपलच बदलावं लागतं.

दुसरं ठिकाण पंपाचा वॉशर. हा चामड्याचा, वाटीच्या आकाराचा असतो. सुकला की आकसतो, दांडा सुळसुळ खालीवर होतो आणि हवा भरतच नाही. दांडा बाहेर काढून वॉशरला तेल चोळायचं, बोटानं कडा बाहेरच्या बाजूला उघडायच्या, अर्धा तास ठेवायचं. आत घालताना कडा दुमडू द्यायची नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या स्टोव्हचाही वॉशर पुष्कळदा एवढ्यानं जिवंत होतो. चामडं चिरलेलं असेल तर नवा घालायचा.

तिसरं ठिकाण पंपाच्या तळाची झडप. पंपाचा दांडा आपोआप वर येऊ लागला किंवा पंपातून रॉकेल झिरपायला लागलं तर झडपेतलं रबर कडक झालंय असं समजायचं. झडप काढायला लांब, खास पाना लागतो; पक्कडीनं प्रयत्न केला की पंपाची नळी फाटते.

आज पेटवता येईल का? येईल, पण आधी टाकी उलटी करून तळ बघा. तळ आत दबलेला असायला हवा. तो बाहेर फुगलेला असेल तर टाकीनं कधीतरी नको तेवढा दाब सोसलाय. असा स्टोव्ह शोभेला ठेवा, पेटवू नका. टाकीला जुना डाग दिलेला, म्हणजे झाळून दुरुस्त केलेलं दिसलं तरी माझा सल्ला तोच. तळ ठीक असेल तर टाकीत वाटीभर स्वच्छ रॉकेल घालून दोन-तीनदा खळबळून काढा, कारण जुनं रॉकेल आत डिंकासारखं बसतं. मग न पेटवता दहा-बारा हात हवा भरा आणि बर्नरचा जोड, झाकण, पंपाची मान या सगळ्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर तिथे गळती. झाकणाचा आणि बर्नरखालचा वॉशर बदलल्यावर बहुतेक गळत्या थांबतात. असल्या रबर-वॉशरसाठी नागदेवी स्ट्रीटला विचारा, बर्नर आणि निपलसाठी मटण स्ट्रीटला चोर बाजारात जुना स्टोव्हच पाहा. बरोबर तुमचा भाग न्या, आट्यांचं माप तोंडी सांगून जमत नाही.

जुन्या काकड्याची दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती खरवडू नका, नवी सुती चिंधी गुंडाळा. पेट्रोल टाकीत कधीही नको, थेंबभरसुद्धा. पेटवणार तर उघड्यावर, सिमेंटच्या जमिनीवर. लाकडी जिन्याच्या चाळीच्या गॅलरीत मुळीच नको. अंगावर सुती कपडे, शेजारी वाळूची बादली किंवा ओलं गोणपाट. रॉकेलच्या आगीवर पाणी ओतलं तर आग पाण्याबरोबर पसरते. झाकण गरम असताना उघडायचं नाही, हा नियम मुलांनाही पाठ असायचा.

रॉकेल मिळवणं हा वेगळा उद्योग होता. रेशनच्या दुकानाबाहेर डब्यांची रांग लागायची, माणसं सावलीत आणि डबे उन्हात. भेसळ ओळखू यावी म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग असे. घरात गॅस आला की शिधापत्रिकेवर शिक्का बसायचा आणि कोटा कमी व्हायचा. बऱ्याच घरांत पंपाच्या स्टोव्हशेजारी वातीचाही असायचा, बिनआवाजी आणि मंद. इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रानं आखलेला ‘नूतन’ त्यातला. वाती एका पातळीत कापल्या नाहीत तर भांड्याचं बूड काळं ठरलेलंच.

सिलिंडरचा गॅस मुंबईत १९५०च्या दशकात बर्मा शेलनं आणला, पण सामान्य घरात तो पोचायला फार वेळ लागला; नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. पाइपचा गॅस देणारी महानगर गॅस तर १९९५ सालची. गॅसनं एक बदल असा केला ज्याकडे कमी लक्ष जातं: स्वयंपाक उभा राहिला. त्याआधी स्टोव्ह जमिनीवर, बाई पाटावर, हाताशी परात, मागे मोरी. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली या बैठ्या स्वयंपाकावरच चालायची, कारण जेवणं झाली की स्टोव्ह कोपऱ्यात सरकवून त्याच जागी अंथरूण घालता येई. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर लागते, म्हणून कायमचा ओटा आला आणि खोलीतला तेवढा तुकडा स्वयंपाकाचा झाला. गुडघे वाचले. पण पाटाभोवती बसून गरम पोळीची वाट पाहणारी मुलं ओट्याशी उभ्या आईपासून दोन हात लांब गेली, हेही खरं.

आठवणींत रमताना एक गोष्ट झाकू नये असं मला मनापासून वाटतं. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही त्या काळी वर्तमानपत्रातली नेहमीची बातमी होती. काही खरेच अपघात होते: जमिनीवरची आग, नायलॉनची साडी, अरुंद खोली. आणि काही स्टोव्हच्या नावावर खपवलेले हुंडाबळी होते. १९८३ साली ४९८-अ (सासरी होणारा छळ) आणि १९८६ साली ३०४-ब (हुंडाबळी) ही कलमं भारतीय दंड संहितेत आली, त्यामागे अशाच मृत्यूंचा संताप होता. तुमच्या आजीनं हा स्टोव्ह इतकी वर्षं सुखरूप चालवला, ती कर्तबगारी होती. प्रत्येक घरात तसं झालं नाही.

पेटवायचा नसेल तर टाकी रिकामी करा, दोन दिवस झाकण उघडं ठेवून वास जाऊ द्या, मग झाकण सैलच बसवा. पितळ चिंच-मिठानं किंवा पितांबरीनं घासा, पण निपल आणि बर्नरला ते लागू देऊ नका, भोकं बुजतात. वॉशरला तेलाचा हात द्या. आणि माळा पुन्हा एकदा नीट पाहा. पिनांचं पाकीट आणि निपलचा छोटा पाना बहुतेक घरांत स्टोव्हपासून वेगळा, एखाद्या चहाच्या डब्यात ठेवलेला असायचा.