पाठ करून घे, पोरी

पोरी,

तुझा मेसेज वाचला. रविवारच्या तुझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात तिसरीतल्या पोराने विचारलं, देव एकच तर बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं कोण, आणि तू एकाच पाण्याची पाणी-बर्फ-वाफ अशी तीन रूपं सांगून मोकळी झालीस, मग रात्रभर झोप नाही. ते चुकीचंच आहे गं. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र पाण्यात, पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि बापाची वाणी आकाशातून, म्हणजे तिघंही एकाच वेळी! एकच देव तीन सोंगं घेतो ही कल्पना चर्चने तिसऱ्या शतकातच मोडीत काढलीय. पुढच्या रविवारी पोराला सरळ सांग की हे रहस्य आहे, मलाही पूर्ण कळलेलं नाही, आणि त्याच्याकडून विश्वासांगीकार, आपण काय मानतो ते सांगणारी ती प्रार्थना, पाठ करून घे. उत्तर त्यातच आहे, त्याला आज नाही कळलं तरी तोंडात तर राहील.

हो, पाठ करून घे. मला माहितीये तू तोंड वाकडं करणार. तुमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात पाठांतर म्हणजे पोपटपंची, मुलांना अनुभव द्या, ॲक्टिव्हिटी द्या. मग वर्षभर नोहाचं तारू रंगवायचं, व्हिडिओ बघायचा, आणि प्रथम कम्युनिअनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, दिवशी पांढऱ्या ड्रेसमधल्या पोरीला 'नमो मरिये' ही मरियामातेची प्रार्थना अर्ध्यावर अडते. आमच्या चर्चमध्ये कम्युनिअनआधीची तोंडी परीक्षा बंद केली तेव्हा मी मिटिंगमध्ये गप्प बसले, ती खंत अजून आहे. बोलले असते तरी ऐकलं कोणी असतं म्हणा.

मी जुनाट आहे असं म्हणतात, म्हणू देत. संत ऑगस्टीन दीक्षार्थींना, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना, सांगायचे, विश्वासांगीकार कागदावर लिहू नका, हृदयावर लिहा. आजही मोठ्या माणसांच्या दीक्षाविधीत ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्च त्यांच्या हाती आधी विश्वासांगीकार सोपवतं, मग प्रभूची प्रार्थना, आणि बाप्तिस्म्याआधी विश्वासांगीकार त्यांनी परत म्हणून दाखवायचा असतो. 1542 मध्ये धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात आले तेव्हा रस्त्याने घंटा वाजवत पोरं गोळा करायचे, आणि पुढे मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले तिथे प्रार्थना तमिळमध्ये करून घेऊन लोकांकडून म्हणवून घेतल्या, आणि पोरांनाच घरी पाठवलं आईबापाला शिकवायला. बघ, आधी त्यांच्या भाषेत, मग पाठ! इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण मराठीत लिहिलं, 1616 मध्ये छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. गद्यात लिहिता आलं नसतं का? पण ओवी तोंडात बसते, एकाने म्हटली की दुसरा उचलतो.

अर्थ सांगू नकोस असं मी म्हणत नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नकोस. 'चोरी करू नको' म्हणजे मित्राचा पेन पण आला, हे सांग, मारून मुटकून पण नको. पण क्रम बदलू नकोस. अर्थ वाढत जातो, शब्द लहानपणीच बसतात.

आता त्या नव्या सुनेचं, जी दुसऱ्या धर्मातून आलीय आणि मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मागच्या बाकावर बसते. तू तिला पुस्तकं दिलीस, चांगलं केलंस, पण तिला पुस्तकाची नाही, तोंड उघडायची अडचण आहे. फादरांच्या प्रार्थनेला सगळे उत्तरं देतात, ती नुसती बघते, गुडघे टेकायला एक क्षण उशीर होतो आणि शेजारची बाई वळून बघते. तिला 'आमच्या स्वर्गातील बापा' पाठ करून दे, बाकीच्यांबरोबर म्हणता आलं की ती त्या बाकावरची होईल. मग सातही संस्कार शिकव, घाई कशाला.

तिला शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे पाठव. विश्वासांगीकार मी घेते तिच्याकडून, आणि तू पण ये, तुझाही एकदा ऐकायचाय मला, न बघता.