मोबाइल ॲपमध्ये घरच्यांचे मेडिकल रिपोर्ट सांभाळायची सोय कशी डिझाइन करावी?

तुम्ही लिहिलंय की अपॉइंटमेंटचं ॲप तयार आहे, आता त्यात 'माझे रिपोर्ट' हा विभाग आणायचाय. अपलोड, फोल्डर आणि शेअर एवढं ठरलंय, आणखी काय हवं? मी आरोग्याच्या ॲप्ससाठी स्क्रीन आखण्याचं काम करतो. माझं मत विचाराल तर आणखी काही घालण्याआधी त्यातले फोल्डर काढून टाका. फाइली साठवायला लोकांकडे व्हॉट्सॲप आणि गॅलरी आहेच. अडतं ते डॉक्टरांच्या टेबलासमोर. "मागच्या वेळी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती होतं? बीपीची कोणती गोळी चालू आहे?" असं डॉक्टर विचारतात आणि माणूस अंगठ्याने स्क्रीन सरकवत बसतो, मागे पेशंटची रांग. तुमचं फीचर त्या दोन मिनिटांसाठी हवं.

सुरुवात कागद आत येण्यापासून करा. आपल्याकडे रिपोर्ट पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येतो, नाहीतर कागदाचा फोटो काढला जातो. म्हणून व्हॉट्सॲपच्या 'शेअर'मध्ये तुमचं ॲप दिसलंच पाहिजे. आत आल्यावर तीनच गोष्टी विचारा: कोणाचा, कसला, कधीचा. 'कोणाचा' सर्वात आधी. एका फोनमध्ये आई, सासरे आणि दोन मुलं असे सगळ्यांचे कागद असतात आणि फोन बहुधा घरातल्या एकाच व्यक्तीकडे, पुष्कळदा सुनेकडे किंवा मुलीकडे. नाव निवडायला ड्रॉपडाउन (बोट लावल्यावर उघडणारी यादी) नको, प्रत्येकाचा फोटो ठेवा. रिपोर्टवर छापलेलं वय निवडलेल्या माणसाशी जुळत नसेल तर तिथेच विचारा. सासऱ्यांचा रिपोर्ट नवऱ्याच्या नावावर चढणं फार सोपं असतं.

'कधीचा' हे वाटतं तितकं सरळ नाही. लॅबच्या रिपोर्टवर बहुतेक वेळा तीन तारखा असतात: नमुना घेतल्याची, लॅबमध्ये नोंद झाल्याची आणि रिपोर्ट निघाल्याची. क्रम लावायला नमुन्याची तारीख धरा. लघवीच्या कल्चरचा (त्यात जंतू आहेत का पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं. रिपोर्टच्या तारखेने मांडलंत तर औषध चालू असतानाही जंतू सापडले असं दिसेल, आणि डॉक्टरांसाठी त्याचा अर्थ पार वेगळा होतो. फोनमध्ये फाइल आली ती तारीख तर अजिबात धरू नका.

आकडे ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या तंत्राने, वाचून आलेख काढायचा मोह होईल. काढा, पण जपून. दशांश चिन्ह हुकलं की १.२ चे १२ होतात, म्हणून वापरणाऱ्याने 'बरोबर आहे' म्हटल्याशिवाय आकडा आलेखात जाऊ देऊ नका, आणि आलेखातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं की मूळ कागद उघडला पाहिजे. एककंही तपासा. परदेशातून आलेल्या रिपोर्टवर साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये असू शकते. आपल्या मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणायला तिला १८ ने गुणावं लागतं. आखातात नोकरी केलेल्या माणसाच्या फायलीत हा घोळ हमखास असतो. लाल-हिरवे रंग मात्र स्वतःच्या मर्यादा लावून देऊ नका, त्या लॅबने छापलेली नॉर्मल रेंजच शेजारी दाखवा. हाताने लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन ओसीआरवर सोपवूच नका. औषधाचं नाव पाकिटावरून टाइप करून घ्या, ब्रँड आणि घटक दोन्ही.

या सगळ्याचं फळ म्हणजे एकच स्क्रीन, 'डॉक्टरांना दाखवा'. त्यावर ॲलर्जी, चालू औषधं, झालेली ऑपरेशनं आणि ठरावीक तपासण्यांचे शेवटचे तीन आकडे तारखांसकट. अक्षर मोठं ठेवा. ही स्क्रीन नेटशिवाय उघडली पाहिजे. बऱ्याच हॉस्पिटलांत एक्स-रे आणि सीटी स्कॅन तळघरात असतं आणि तिथे रेंज नसते. फोन डॉक्टरांच्या हातात गेल्यावर बाकीचे रिपोर्ट दिसू नयेत, ही स्क्रीन तेवढीच उघडी राहावी. सीटी-एमआरआयची पूर्ण फाइल साठवायच्या भानगडीत पडू नका. रिपोर्टचा कागद पुरे, सोबत 'फिल्म कुठे ठेवली आहे' एवढी एक ओळ.

गुप्ततेबद्दल लोक एन्क्रिप्शनवर बोलतात, ते हवंच. पण घरातली गुप्तता जास्त नाजूक असते. सुनेची सोनोग्राफी सासऱ्यांना दिसायलाच हवी असं नाही, त्यामुळे एकेका रिपोर्टला वेगळं कुलूप लावता आलं पाहिजे. लॉक स्क्रीनवरच्या नोटिफिकेशनमध्ये तपासणीचं नाव नको, 'नवीन रिपोर्ट आला' एवढं बस. ॲपमधून काढलेला फोटो गॅलरीत जाऊ देऊ नका, नाहीतर लग्नाच्या फोटोंबरोबर तोही टीव्हीवर झळकेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं लागतं, तेव्हा 'सगळं पुसा' हे बटण सेटिंगच्या पाचव्या पायरीवर लपवू नका.

राहिलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन, म्हणजे आरोग्याचे रेकॉर्ड डिजिटल पद्धतीने जोडणारी केंद्र सरकारची योजना. २०२१ च्या सप्टेंबरात ते देशभर सुरू झालं. त्यातला १४ अंकी आभा क्रमांक (प्रत्येकाचा आरोग्य ओळख क्रमांक) असेल तर जोडलेल्या हॉस्पिटलांतले रेकॉर्ड संमतीने ॲपमध्ये आणता येतात. कोणत्या कारणासाठी, कोणत्या काळातले आणि कधीपर्यंत पाहायचे हे त्या संमतीतच ठरतं. जोडणी जरूर करा, पण दुसऱ्या टप्प्यात. पहिल्याच स्क्रीनवर आभा मागितलंत तर आधार, ओटीपी यातच माणूस कंटाळून ॲप काढून टाकेल. शिवाय गल्लीतल्या दवाखान्याचा कागद तिकडून येण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. आत्ता एवढंच करा: तुमचे 'कसला' मधले प्रकार मिशनच्या प्रकारांशी जुळवून ठेवा, म्हणजे प्रिस्क्रिप्शन, तपासणी अहवाल, डिस्चार्ज समरी, लसीकरण वगैरे. डेटाबेस आखणाऱ्याला एफएचआयआरचे (आरोग्याची माहिती एका ॲपमधून दुसऱ्यात पाठवायच्या प्रमाण पद्धतीचे) भारतीय प्रोफाइल वाचायला द्या, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र ते प्रसिद्ध करतं. नंतर जोडणी करताना टेबलं मोडावी लागणार नाहीत.

आणि भरती झालेल्या पेशंटसाठी एक छोटी सोय: डिस्चार्जनंतर काही दिवसांनी 'केसपेपरची प्रत मागितली का?' अशी आठवण. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं, आणि डॉक्टरांवर ते सांभाळायचं बंधन ३ वर्षांचंच आहे. अर्जाचा नमुना त्या आठवणीलाच जोडून द्या.