मोटारसायकलवरचा निरोप्या

प्रिय मित्रा,

सैन्याच्या आधुनिकीकरणाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. खरेदीची यादी चोख आहे, पण मसुदा म्हणजे ती यादीच आहे. नवं यंत्र बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, त्यातून जे कळेल ते कुणाला किती मिनिटांत सांगायचं, यावर एक परिच्छेदही नाही.

१९४० सालचा फ्रान्स आठव. त्यांच्या शार बी-१ रणगाड्याचं चिलखत इतकं जाड, की जर्मन रणगाड्यांचे बरेचसे गोळे त्यावर आपटून वाया जायचे. पण टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, माणूस एकच. तिथली तोफ त्यानंच भरायची, नेम धरायचा, डागायची आणि वर हुकूमही सोडायचे! जर्मनांच्या पँझर-३ मध्ये हीच कामं तिघांत वाटलेली होती. त्यात फ्रेंच सरसेनापती गामलँ यांच्या व्हँसेनच्या किल्ल्यातल्या मुख्यालयात साधं रेडिओ केंद्र नव्हतं. निरोप मोटारसायकलवरून जायचे. शत्रूनं म्यूझ नदी ओलांडली तेव्हा सगळाच कारभार वरातीमागून घोडं असा झाला.

त्याच वर्षी ब्रिटननं हवाई हल्ला थोपवला. श्रेय रडारला दिलं जातं, पण चांगलं रडार जर्मनांकडेही होतं. ब्रिटनच्या लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी रडार केंद्रं, डोळ्यांनी आभाळ न्याहाळणारे निरीक्षक, टेलिफोनच्या तारा आणि नकाशाचं टेबल असं सगळं एका साखळीत ओवलं होतं. बातमी चाळून थेट विमानतळापर्यंत पोचायची. तुझ्या यादीत रडार आहे, ही साखळी कुठे आहे?

आता उलटी गोष्ट. २००२ मध्ये अमेरिकेनं एक प्रचंड युद्धसराव केला. शत्रूची भूमिका पॉल व्हॅन रायपर या निवृत्त सेनाधिकाऱ्याकडे होती. संदेश कुणी चोरून ऐकू नयेत म्हणून त्यांनी निरोपे मोटारसायकलवरून धाडले आणि क्षेपणास्त्रं व छोट्या होड्यांच्या जोरावर १६ जहाजं कागदावर बुडवली. संयोजकांनी काय करावं? जहाजं पुन्हा तरंगती केली आणि शत्रूवर बंधनं घातली. वैतागून व्हॅन रायपर बाजूला झाले. गामलँ यांना महागात पडलेली मोटारसायकल इथं हुकमी पत्ता ठरली, पण पराभव ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. मला तर यंत्रांच्या उणिवेपेक्षा या न ऐकण्याचीच धास्ती जास्त वाटते.

ड्रोनवर तू आठ पानं लिहिलीस, ती दोनवर आण. युक्रेनमध्ये रेडिओ लहरींवरचे ड्रोन जॅमिंगनं, म्हणजे त्या लहरींत अडथळा आणल्यानं, पडू लागले, तेव्हा संदेश वाहणारी बारीक फायबरची तार मागे सोडत जाणारे ड्रोन आले. आज ठरवलेला नमुना खरेदीची फाइल फिरेपर्यंत जुना होईल. तेव्हा नमुना लिहू नकोस, तो दर काही महिन्यांनी बदलायचा अधिकार कुणाला, ते लिही. आणि हो, १५५ मिलिमीटरच्या साध्या तोफगोळ्यांचा साठा तू वगळलास. त्याच युद्धात त्यांचाही तुटवडा पडला होता.

मसुदा परत पाठवतोय. हात लावण्याआधी एक दिवस दुरुस्तीच्या शेडमध्ये काढ, आणि कुठलं वाहन कोणत्या सुट्या भागासाठी किती दिवस उभं आहे ते तिथल्या मिस्त्रीला विचार. साहेब सोबत नेऊ नकोस, नाहीतर सगळं ठीक असल्याचंच ऐकून येशील.

तुझा,
एक जुना सैनिक