पदावनत जागी रुजू झालं तर हक्क जातो का?

राज्य शासनाच्या सेवेतल्या एका ताईंना वरिष्ठ लिपिकावरून पुन्हा कनिष्ठ लिपिक केल्याचा आदेश मिळाला. "रुजू झाले तर आदेश मान्य केला असं होईल," या धास्तीने त्या घरीच बसल्या होत्या. ही धास्ती बहुतेकांना असते आणि नुकसान तिच्यामुळेच जास्त होतं. स्थगिती नसताना गैरहजर राहिलं की अनधिकृत गैरहजेरीचा नवा दोषारोप ओढवतो.

त्यांना आधी रुजू व्हायला सांगितलं. रुजू अहवालात एकच वाक्य जादा: "हा आदेश मला मान्य नाही, दाद मागण्याचा हक्क राखून रुजू होत आहे." त्यावर आवक शिक्क्याची पोच घ्यायची. आदेशाचं पाकीटही जपायचं, कारण मुदत आदेश मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात.

मग आदेश वाचला. पदोन्नती तात्पुरती होती, आणि तात्पुरत्या पदावरून परत पाठवणं ही दरवेळी शिक्षा नसते. पण इथे कारण लिहिलं होतं, "गैरवर्तन व दप्तर दिरंगाईमुळे". हा सरळ ठपका आहे. दोषारोपपत्र नाही, चौकशी नाही, म्हणणं मांडायची संधी नाही. चौकशी आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय शिक्षा म्हणून पदावनती करू न देणारं संविधानाचं कलम 311(2) नेमकं इथे लागू पडतं. सर्वोच्च न्यायालयाने 1957 च्या धिंग्रा प्रकरणात आदेशाच्या नावापेक्षा त्याचा परिणाम पाहायला सांगितलं आहे. प्रकरणाचा सगळा जोर "गैरवर्तन व दप्तर दिरंगाईमुळे" या शब्दांवर होता. ते शब्द नसते, तर लढाई फार अवघड झाली असती.

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 नुसार अपिलाला 45 दिवस मिळतात. नस्तीवरच्या (कार्यालयीन फाइलवरच्या) टिपण्यांसाठी माहिती अधिकारात अर्ज जरूर करा, पण उत्तराची वाट पाहत अपील अडवू नका. सहा महिन्यांत अपिलावर निर्णय झाला नाही, तर पुढच्या एका वर्षात 'मॅट'मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, मूळ अर्ज करता येतो. निर्णय विरोधात गेला, तर त्या तारखेपासून एक वर्ष.

ताई मात्र साहेबांना विनंतीपत्रांवर विनंतीपत्रं देत होत्या. अशा पत्रांनी मुदत वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या राठोड प्रकरणात 1989 मध्येच हे स्पष्ट झालं आहे. चांगली प्रकरणं इथेच बुडताना दिसतात, हे फार वाईट वाटतं. ताईंचं अपील मात्र मुदतीत गेलं.

पदावनती ज्येष्ठता यादी बदलल्यामुळे असेल, तर वर गेलेल्या सहकाऱ्यांनाही प्रतिवादी करावं लागतं. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मॅट नाही. त्यांचे अपिलाचे नियम वेगळे आणि पुढे उच्च न्यायालय.